घरगुती ध्वनिमुद्रिका : स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन
(निगडी-प्राधिकरण परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड परिसराचा आधुनिक इतिहास बहुधा कारखान्यांच्या आणि प्रशासकीय संस्थांच्या स्थापनावर्षांवरून सांगितला जातो. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. दरम्यान १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने निगडी-आकुर्डी भागात नियोजित वसाहती उभारल्या. २०२१ मध्ये ते प्राधिकरण विसर्जित झाले. या तपशिलांतून जमीन, यंत्र आणि वेतन यांचा इतिहास कळतो. पाळी संपवून घरी आलेला माणूस काय ऐकत होता, हे मात्र त्यातून कळत नाही. आईवडिलांच्या पिढीने जपलेल्या ध्वनिमुद्रिका या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतात काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तबकडीचा प्रवास

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. त्या काळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. तबकडीसाठी लागणारी लाख मुख्यत्वे भारतातून निर्यात होई आणि भारतीय गायकाचा आवाज त्याच लाखेवर उमटून समुद्रमार्गे परत येई. कच्चा माल आणि कला दोन्ही येथील, कारखाना मात्र परका, असा हा वसाहतकालीन व्यवहार होता. १९०८ मध्ये सियालदह येथे कंपनीचा कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो दमदमला हलला.

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावत असे. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत लांबणारे नाट्यपद या तीन मिनिटांत बसवावे लागले. भावगीताचा आटोपशीर आकार मात्र या मर्यादेला सहज मानवला. १९३० च्या दशकात गजानन वाटवे, ज. ल. रानडे, गो. ना. जोशी यांच्या गायनाने भावगीत घरोघर पोचू लागले, त्यात तंत्राचाही वाटा होता. दुसरीकडे, १९२२ मध्ये निवर्तलेल्या भास्करबुवा बखले यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांचे मोठेपण आज शिष्यपरंपरेवरून आणि आठवणींवरूनच जाणावे लागते. म्हणजेच तबकडी संगीत टिकवते, तशीच ती निवडही करते.

'गीतरामायण' : स्मृती आणि मुद्रण

या निवडीचे ठळक उदाहरण पुण्याचेच आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'चे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांची छप्पन्न गीते सुधीर फडके यांनी संगीतबद्ध केली होती. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, ललिता फडके, वसंतराव देशपांडे इत्यादी अनेक गायकांचे आवाज होते. पुढे दीर्घवादी तबकड्यांवर ही गीते सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजात आली आणि घराघरांत तोच आवाज रूढ झाला. 'आमच्या लहानपणीचे गीतरामायण' असे कोणी म्हणतो, तेव्हा तो प्रसारणाविषयी बोलतो की तबकडीविषयी, हे संशोधकाने विचारलेच पाहिजे. निगडी-प्राधिकरण परिसरात आज माडगूळकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. परंतु याच वसाहतींत त्यांची गीते कोणत्या माध्यमातून पोचली, याची नोंद कोठेही नाही.

पश्चिम आफ्रिकेचा दाखला

अशा घरगुती संग्रहांचे मोल जाणण्यासाठी पश्चिम आफ्रिकेकडे पाहणे उद्बोधक ठरेल. मुंबईत तबकड्या विकणाऱ्या ग्रामोफोन कंपनीनेच आपल्या झोनोफोन या छापाखाली तेथील बाजारपेठेसाठी मुद्रणे केली. १९२८ मध्ये आजच्या घानातील कुमासी ट्रायो या वादकत्रयीचे संगीत लंडनमध्ये मुद्रित झाले. पुढे 'हायलाइफ' म्हणून विकसित झालेल्या संगीतप्रकाराच्या आरंभीच्या साधनांत या तबकड्यांची गणना होते.

गिनीचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९५८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने सांस्कृतिक धोरणाचा भाग म्हणून सिलिफोन ही सरकारी ध्वनिमुद्रिका संस्था चालवली. १९८५ च्या फसलेल्या उठावात नभोवाणी केंद्रातील संग्रहाची मोठी हानी झाली. पुढे ऑस्ट्रेलियन संशोधक ग्रॅम काउन्सेल यांनी खासगी संग्राहकांकडील तबकड्यांच्या आधारे सिलिफोनची सूची पुन्हा जुळवली. तसेच २००८ ते २०१३ या काळात ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने नभोवाणीच्या उरलेल्या फितींतील नऊ हजारांहून अधिक गीतांचे संगणकीय जतन केले. शासकीय दफ्तर अपुरे पडले, तेथे घरातील तबकडी साधन म्हणून उपयोगी आली.

निगडीतील एक पेटी

प्रस्तुत लेखकाच्या निगडी येथील घरी वडिलांच्या तबकड्यांची एक पेटी आहे. तिच्यात गीतरामायण, भीमसेन जोशी यांची अभंगवाणी, शाहीर साबळे यांची लोकगीते आणि प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते एकत्र आहेत. संगीताच्या इतिहासग्रंथांत ही चार नावे सहसा चार वेगळ्या प्रकरणांत येतात. येथे ती एकाच श्रोत्याची आवड म्हणून शेजारी उभी आहेत. वेष्टनांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली शेजाऱ्यांची नावे आणि तारखा आहेत. कोणती तबकडी कोणाकडे गेली व केव्हा परत आली, याची ती नोंद होय. काही तबकड्यांची एकच बाजू झिजलेली आहे. खरेदीचा पुरावा दुकानात मिळेल, परंतु पुनःपुन्हा ऐकल्याचा पुरावा झिजलेल्या खोबणीतच मिळतो.

यावरून असे म्हणता येईल की, घरगुती तबकडी हे तिहेरी साधन आहे. पहिला स्तर ध्वनीचा. दुसरा लेबल, अनुक्रमांक आणि मध्यभागी कोरलेला साचा-क्रमांक यांचा. तिसरा वापराच्या खुणांचा. पहिले दोन स्तर अन्यत्रही मिळू शकतात. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने त्या दृष्टीने मोलाचे कार्य केले आहे. तिसरा स्तर मात्र त्या घराबाहेर कोठेही नाही. पेटी भंगारात गेली की तो कायमचा नष्ट होतो.

साधनाच्या मर्यादा

या साधनाचे अवाजवी महत्त्व सांगणे योग्य नव्हे. तबकडीवादक यंत्र घेण्याची ऐपत सर्वांची नव्हती. अनेक कामगारांनी हेच संगीत गणेशोत्सवाच्या कर्ण्यावरून, हॉटेलातील रेडिओवरून आणि १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटवरून ऐकले. जात्यावरच्या ओव्या, भजनी मंडळांचे गायन आणि आंबेडकरी जलसे यांचा फार मोठा भाग तबकडीवर आलाच नाही. म्हणून पेटीतील मौनही अभ्यासाचा विषय मानावे आणि तबकडीच्या जोडीला मौखिक साक्ष अवश्य घ्यावी.

समारोप

या परिसरात पहिल्या पिढीत आलेले कामगार आज वृद्ध झाले आहेत. जुनी घरे पाडून नवी बांधली जाताना अशा वस्तू प्रथम बाहेर पडतात. त्यामुळे हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी आणि संगीत विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकरवी घरोघरच्या तबकड्यांची सूची करावी. तबकड्या ताब्यात घेण्याची आवश्यकता नाही. लेबल आणि वेष्टन यांचे छायाचित्र, क्रमांक, हस्तलिखित नोंदी आणि मालकाचे निवेदन एवढे साहित्य पुरेसे आहे. ध्वनीच्या प्रती प्रसृत करताना कायद्याचे भान हवे. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो; गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्याहून वेगळा असतो. सूची करण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.

कामगाराची ओळख हजेरीपटावरून होते, तशीच त्याने पगारातून पैसे वाचवून कोणते गाणे घरी आणले यावरूनही होते. हजेरीपट कारखान्याने लिहिला; वेष्टनामागची पेन्सिलीची नोंद त्याने स्वतः केली आहे. स्थानिक इतिहासलेखनात या दुसऱ्या नोंदीस स्थान मिळणे आवश्यक आहे.