काळ्या बाटलीची कुळकथा

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, डब्याशेजारी कधीकधी बोटभर उंचीची एक बाटली दिसते. आत कागदाची सुकलेली, तपकिरी घडी. खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरायचं, झाकण लावून उबेला ठेवायचं. सकाळी पाणी शाईसारखं काळं झालं असेल, तर त्यात मैला मिसळल्याचा दाट संशय घ्यायचा. गावात हिला ‘एचटूएसची बाटली’ म्हणतात.

१८८५ मध्ये थिओडोर एशेरिक यांनी तान्ह्या बाळांच्या विष्ठेतल्या एका जिवाणूचं वर्णन केलं. तोच ई. कोलाय. तो पाण्यात सापडला की विष्ठा मिसळली, हे पुढे सर्वमान्य झालं. पण त्याला शोधायला प्रयोगशाळा हवी, नळ्या हव्यात, नमुना बर्फात घालून वेळेत पोचवायला हवा आणि निकालाला एक-दोन दिवस. तोवर लेकरं तेच पाणी पितात. माझ्या मते खरी अडचण विज्ञानाची नव्हतीच, अंतराची होती.

१९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात वेगळी वाट मांडली. ई. कोलाय सहसा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजेच एचटूएस, तयार करत नाही. पण जिथे तो आणि त्याचे भाऊबंद असतात, तिथे आतड्यातले सल्फाइड करणारे जिवाणूही बहुधा असतात. मग मुख्य आरोपीला सोडून सोबत्यांना पकडायचं! कागदाला पेप्टोन, सोडियम थायोसल्फेट, लोहाचा क्षार आणि टीपॉल हे धुण्याचं द्रव पाजून तो बाटलीतच सुकवला. पेप्टोन जिवाणूंचं खाद्य, टीपॉल नको त्या जिवाणूंना आवर. थायोसल्फेटपासून जिवाणू सडक्या अंड्याच्या वासाचा वायू करतात, तो लोहाशी जुळून काळा आयर्न सल्फाइड होतो. तीस ते सदतीस अंश उबेत बारा ते अठरा तासांत निकाल मिळतो. ना सूक्ष्मदर्शक, ना वीज.

बाटलीच्या मर्यादाही आहेत. काही भूजलात सल्फाइड आधीच असतं, तिथे ती उगाच काळी पडते. पाणी काळं झालं नाही म्हणून विषाणू नाहीत असंही नाही. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या आढाव्यातही या पद्धतीची अशी उणी बाजू तपासली गेली. तरीही ज्या बाईने घागर भरली, तिलाच निकाल डोळ्यांनी दिसतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पाहून झालं, की बाटलीत ब्लीचिंगचं पाणी ओतून मगच ती टाकायची, कारण आत जिवाणूंची दाट वस्ती झालेली असते.