सत्रान्त आणि श्रेयांक : युरोपातील विद्यार्थी-विनिमयाचा एक ऐतिहासिक वेध

प्रस्तावना

उच्च शिक्षणाच्या इतिहासलेखनात विद्यापीठांची स्थापना, शासकीय धोरणे, आयोग व त्यांचे अहवाल यांना नेहमीच अग्रस्थान मिळाले आहे. विद्यार्थ्याचे दैनंदिन जीवन मात्र या लेखनाच्या परिघावर राहिले. परदेशात एखादे सत्र शिकून मायदेशी परतणारा विनिमय विद्यार्थी हे याचे बोलके उदाहरण होय. आकडेवारीत त्याची नोंद होते. परंतु त्याच्या वास्तव्याचे अखेरचे आठवडे सहसा कोणत्याही अहवालात उतरत नाहीत. वस्तुतः विनिमयाची खरी कसोटी याच आठवड्यांत लागते. परदेशात जे शिकले ते मायदेशी ग्राह्य धरले जाईल काय, हा प्रश्न तेव्हाच उभा राहतो. प्रस्तुत लेखात युरोपातील इरॅस्मस योजनेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका

ज्ञानार्जनासाठी देशांतर करण्याची परंपरा युरोपात जुनी आहे. मध्ययुगीन पॅरिस विद्यापीठात कला शाखेतील मंडळी फ्रेंच, नॉर्मन, पिकार्ड व इंग्लिश अशा चार ‘राष्ट्रां’त विभागलेली होती. तथापि, आपल्याच विद्यापीठात नाव कायम ठेवून ठरावीक काळापुरते अन्यत्र शिकावे व परत यावे, ही कल्पना विसाव्या शतकातील आहे. १९२३ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थ्यांची तुकडी वर्षभरासाठी फ्रान्सला पाठविली. १९२५ मध्ये हायडेलबर्ग येथे जर्मन विनिमय सेवेचा प्रारंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, युद्धातील शिल्लक सामग्रीच्या विक्रीतून निधी उभारून अमेरिकेने फुलब्राइट योजना सुरू केली. भारताने या योजनेसंबंधीचा करार १९५० मध्ये केला.

एका अमान्य पदवीची कथा

याच फुलब्राइट योजनेखाली सोफिया कोराडी ही इटालियन विद्यार्थिनी १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली. तेथे कायद्यातील पदव्युत्तर पदवी मिळवून ती रोमला परतली, तेव्हा तेथील विद्यापीठाने हे शिक्षण ग्राह्य धरण्यास नकार दिला. शिकलेली व्यक्ती तीच, शिकलेला विषयही खरा. परंतु दप्तराच्या लेखी ते वर्ष घडलेच नव्हते. पुढे शिक्षणतज्ज्ञ म्हणून कोराडी यांनी परदेशातील अध्ययनास मान्यता मिळावी यासाठी दीर्घकाळ प्रयत्न केले. अखेर जून १९८७ मध्ये युरोपीय समुदायाने इरॅस्मस योजना संमत केली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. आजवरच्या लाभार्थींची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. पॅरिस, केंब्रिज, तुरिन, लूवां, बाझेल अशी भ्रमंती केलेल्या सोळाव्या शतकातील मानवतावादी विद्वानाचे नाव या योजनेस लाभले, हेही अर्थपूर्ण होय.

श्रेयांकाची भाषा

केवळ विद्यार्थी पाठविल्याने कोराडी यांचा प्रश्न सुटणारा नव्हता. इटलीत परीक्षेचे गुण ३० पैकी दिले जातात व १८ ला उत्तीर्ण मानले जाते. फ्रान्समध्ये २० पैकी १० पुरेसे असतात. जर्मनीत १ हा अंक सर्वोत्तम, तर ५ म्हणजे अनुत्तीर्ण. या भिन्न मापांमध्ये दुवा साधण्यासाठी १९८९ मध्ये श्रेयांक हस्तांतरण पद्धतीचा प्रयोग सुरू झाला. त्यासाठी निवडलेल्या पाच विषयांत व्यवसाय प्रशासन, रसायनशास्त्र, यंत्र अभियांत्रिकी व वैद्यक यांच्याबरोबर इतिहासही होता. वर्षाला ६० व सत्राला ३० श्रेयांक असे परिमाण ठरले. अध्यापनाच्या तासिकांऐवजी विद्यार्थ्याचे एकूण श्रम मोजण्याचे तत्त्व पुढे रूढ झाले. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे श्रम गृहीत धरले जातात. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्याने या पद्धतीस व्यापक अधिष्ठान दिले.

सत्रान्ताचे दैनंदिन जीवन

या व्यवस्थेची प्रत्यक्ष परीक्षा सत्राच्या शेवटी होते. जर्मनीचे हिवाळी सत्र अधिकृतरीत्या १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असते व व्याख्याने फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात. अन्य अनेक देशांत तोवर पुढील सत्र सुरू झालेले असते. म्हणजे विद्यार्थ्याची एक परीक्षा बाकी असतानाच मायदेशातील वर्ग भरू लागतात. त्यातच खोली रिकामी करणे, तपासणीनंतर अनामत परत मिळविणे, ग्रंथालयाची पुस्तके जमा करणे, बँकेचे खाते बंद करणे, जर्मनीत असल्यास नगर कार्यालयातील निवासाची नोंद रद्द करणे ही कामे ओळीने येतात. सायकल विकली जाते. भांडीकुंडी मागे राहणाऱ्यांना दिली जातात. परक्या भाषेत दुकानदाराशी सहज बोलता येऊ लागते, नेमका तेव्हाच निघण्याचा दिवस येतो.

या काळाची साधने बदलली आहेत. १९८७ च्या विद्यार्थ्याला घरी पत्र लिहावे लागे किंवा सार्वजनिक दूरध्वनीत नाणी टाकावी लागत. उरलेले लिरा वा पेसेटा निघताना बदलून घ्यावे लागत. २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या, पुढे भ्रमणध्वनी सर्वत्र झाला. परंतु निघताना सोबत न्यावयाचा सर्वांत मोलाचा कागद तोच राहिला, आणि तो म्हणजे गुणपत्रक. सामायिक स्वयंपाकघरात मिळालेली भाषा, एकट्याने केलेला आजारपणाचा सामना, आपल्या देशाविषयीच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे यांना त्या कागदावर रकाना नाही.

मर्यादा

हा अनुभव सर्वांना समान लाभत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. इरॅस्मसचे अनुदान हे परदेशी वास्तव्याच्या वाढीव खर्चास हातभार लावण्यापुरते असते. उर्वरित भार कुटुंबावर पडतो. ज्याच्या घरी तो पेलण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी श्रेयांकाची समानता कागदोपत्रीच राहते.

समारोप

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक पेढीची नियमावली जाहीर केली व २०२२ मध्ये परदेशी संस्थांसमवेतच्या संयुक्त पदव्यांचे नियम केले. त्यामुळे अन्यत्र मिळविलेले श्रेयांक स्वीकारण्याचा प्रश्न आता आपल्याही महाविद्यालयांच्या दाराशी आला आहे. युरोपचा इतिहास असे दर्शवितो की, विनिमयाचे यश जाणाऱ्यांच्या संख्येइतकेच परतणाऱ्यांच्या स्वागतावर अवलंबून असते. परतलेल्या विद्यार्थ्याच्या अर्जावर ‘अभ्यासक्रम जुळत नाही’ असा शेरा मारणे सोपे असते. तो काय शिकून आला हे समजून घेण्यास वेळ द्यावा लागतो. तो वेळ देणे हे प्राध्यापकाच्या कर्तव्याचाच भाग होय. अन्यथा कोराडी यांच्या वाट्याला आलेले न घडलेले वर्ष आपल्या विद्यार्थ्यांच्याही वाट्याला येईल.