वाचणारा आणि कापणारा

१४९३ साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या एका वैद्यकीय ग्रंथात शवविच्छेदनाचे चित्र आहे. उंच आसनावर झगा घातलेला प्राध्यापक आहे. खाली मेजावर प्रेत आहे आणि एक माणूस सुरी घेऊन त्यावर वाकला आहे. कुठे कापायचे आणि काय पाहायचे ते दाखवायला काठी घेतलेला तिसरा माणूस जवळ उभा आहे. प्राध्यापकाने प्रेताला हात लावायचा नाही, कापणाऱ्याने ग्रंथाविषयी बोलायचे नाही, अशी ही कामाची वाटणी होती. युरोपातल्या विद्यापीठांमध्ये ती दोनशे वर्षे प्रतिष्ठेची मानली गेली. मानवी शरीराच्या ज्ञानाचा इतिहास सांगताना आपण बहुधा नव्या शोधांची यादी देतो. मला त्या यादीपेक्षा ही वाटणी महत्त्वाची वाटते. शरीराचे ज्ञान शतकानुशतके अडून राहिले, त्याचे मोठे कारण हे की शरीर जाणणारा आणि शरीराला हात लावणारा ही दोन वेगळी माणसे होती. ती एक झाली तेव्हा सुमारे नव्वद वर्षांत सारे चित्र पालटले, आणि हा पालट प्रामुख्याने इटलीतल्या पादुआ या एका गावात घडला.

पादुआच्या आधीची स्थिती समजून घ्यायची तर गेलेनपाशी जावे लागते. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य पर्गामोन येथे ग्लॅडिएटर्सच्या जखमा बांधत असे आणि पुढे रोममध्ये नावारूपाला आला. तो स्वतःच्या हाताने कापणारा माणूस होता. डुकराच्या मानेतल्या ठरावीक नसा कापल्या की त्याचे ओरडणे थांबते, हे त्याने लोकांसमोर करून दाखवले. धमन्यांमध्ये हवा नसून रक्त असते, हेही त्यानेच सिद्ध केले. पण त्याच्या काळी रोममध्ये माणसाचे प्रेत उघडण्याची रीत नव्हती, म्हणून माकडे, डुकरे आणि गुरे यांच्या शरीरांवरून त्याने माणसाचे शरीर मांडले. खालचा जबडा दोन हाडांचा, छातीचे हाड सात तुकड्यांचे, मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक अद्भुत जाळे, ही सारी वर्णने जनावरांची होती. शरीरक्रियेबद्दलची त्याची कल्पनाही अशीच दूरवर पोहोचली. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शिरांमधून अवयवांकडे जाते आणि तिथेच खर्ची पडते. त्यातला थोडा भाग हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांमधून डाव्या बाजूला झिरपतो, असे त्याने लिहिले. हे चौदाशे वर्षे टिकले. गेलेनची चूक साधनांच्या मर्यादेतून आली होती. तिचे दीर्घायुष्य मात्र त्याच्या वाचकांमुळे होते.

यावर नेहमीचे उत्तर असे असते की चर्चने शवविच्छेदनाला बंदी घातली होती, मग तपासणार कोण? हे उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही. बोलोन्यात मोंदीनो याने १३१६ च्या सुमारास शवविच्छेदनाची हस्तपुस्तिका लिहिली. त्या आधीच त्याने माणसांची प्रेते उघडली होती. त्याची पुस्तिका पुढे जवळजवळ दोनशे वर्षे चालली. सर्वात आधी सडते म्हणून पोट आधी, मग छाती, मग डोके, शेवटी हातपाय, हा तिचा क्रम इतका व्यवहारी आहे की तो प्रेताशेजारी उभे राहूनच सुचावा. म्हणजे प्रेते होती, परवानगी होती, विद्यार्थीही होते. तरीही जबड्याची दोन हाडे दोनच राहिली. मोंदीनो स्वतः कापत असावा, पण त्याची नजर ग्रंथात लिहिलेले शोधत होती, आणि त्याच्या मागून आलेले प्राध्यापक तर आसनावर चढून बसले. कापणे हे न्हाव्याचे काम ठरले, कारण हाताचे काम हलके आणि वाचणे थोर, अशी विद्येची श्रेणी ठरली होती. कापणाऱ्याला जे दिसे ते नोंदवण्याचा अधिकार त्याला नव्हता आणि ज्याला अधिकार होता त्याला दिसत नव्हते. अशा व्यवस्थेत हजार प्रेते उघडली असती तरी एक चूक दुरुस्त झाली नसती.

१५३७ च्या डिसेंबरात ब्रुसेल्सचा आंद्रेअस व्हेसेलियस पादुआत पदवीधर झाला आणि लगेच शल्यविद्या व शरीररचना शिकवू लागला. तेव्हा तो पुरता तेवीस वर्षांचाही नव्हता. पादुआ व्हेनिसच्या सत्तेखाली होते आणि तिथल्या एका न्यायाधीशाने १५३९ मध्ये फाशी दिलेल्या गुन्हेगारांची प्रेते त्याला मिळवून दिली. व्हेसेलियस आसनावरून खाली उतरला. कापणे, दाखवणे आणि बोलणे ही तिन्ही कामे त्याने एकट्याने केली. १५४० च्या जानेवारीत बोलोन्यात त्याने केलेल्या विच्छेदनाची एका विद्यार्थ्याने लिहिलेली टिपणे उपलब्ध आहेत. त्यांत माकडाचा आणि माणसाचा असे दोन सांगाडे शेजारी ठेवून तो मणक्यांची तुलना करताना दिसतो. गेलेनचे वर्णन माकडाला लागू पडते, माणसाला नाही, हे त्याने बोट ठेवून दाखवले. १५४३ मध्ये बाझेल येथे त्याचा सात भागांचा ग्रंथ निघाला: हाडे, स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पोटातले व जननाचे अवयव, छाती, मेंदू. मुखपृष्ठावर तो स्वतः उघड्या प्रेताला हात लावून उभा आहे आणि न्हावी मेजाखाली बसून आपसात भांडत आहेत. जबडा एका हाडाचा आहे, छातीचे हाड तीन भागांचे आहे आणि अद्भुत जाळे माणसात नाही, हे या ग्रंथाने सांगितले. जाळ्याबद्दलची त्याची कबुली फार बोलकी आहे. पूर्वी माणसाचे डोके उघडताना तो कोकराचे किंवा बैलाचे डोके जवळ ठेवत असे आणि माणसात जे सापडत नसे ते त्यात दाखवत असे. हात स्वतःचा असूनही डोके ग्रंथाच्या धाकात असले की काय होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. पॅरिसमधला त्याचाच गुरू सिल्व्हियस गेलेनच्या बचावाला उभा राहिला आणि गेलेननंतर माणसाचे शरीरच बदलले असावे, असे म्हणू लागला.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. स्वतः कापणे इतके निर्णायक असेल, तर व्हेसेलियसला रक्ताभिसरण का सापडले नाही? हृदयाच्या पडद्यातली छिद्रे त्याला दिसली नाहीत, तरी पहिल्या आवृत्तीत त्याने ती सरळ नाकारली नाहीत. १५५५ च्या आवृत्तीत त्याने शंका अधिक उघडपणे मांडली. दुसरीकडे तेराव्या शतकातला दमास्कसचा इब्न अल्-नफीस धर्म आणि करुणा यांमुळे आपण विच्छेदनापासून दूर राहिलो असे लिहितो, तरी रक्त उजवीकडून फुप्फुसांमार्गेच डावीकडे जाते, असे नेमके सांगतो. मग हात न लावताही सत्य सापडते, असे का म्हणू नये? उत्तर दुहेरी आहे. इब्न अल्-नफीसने पडदा बंद आहे असे सांगताना आधार घेतला तो शरीररचनेच्या पुराव्याचाच. त्याची बुद्धी कोणाच्या तरी डोळ्यांनी पाहिलेल्यावर उभी होती. आणि मेलेल्या शरीरात रक्त वाहत नाही, म्हणून मृत शरीर पाहून केवळ रचना कळते, क्रिया कळत नाही. व्हेसेलियसनंतर पादुआत शिकवणाऱ्या कोलोंबोने जिवंत जनावरांवर प्रयोग करून फुप्फुसांतून परतणाऱ्या वाहिनीत रक्तच असते हे दाखवले, आणि ते त्याच्या मृत्यूनंतर १५५९ मध्ये छापले गेले. तेव्हा नुसता हात पुरत नाही हे खरे, पण हाताने प्रश्न विचारावा लागतो आणि तो प्रश्न डोक्यातून यावा लागतो. दोन्ही एकाच माणसात असावे लागते ते म्हणूनच.

याची कसोटी पादुआतच पाहायला मिळते. १५९४-९५ मध्ये फॅब्रिशियसने तिथे कायमचे शवविच्छेदनगृह उभारले. अशी जुनी गृहे ज्या थोड्या ठिकाणी उरली आहेत त्यांत ते सर्वात जुने आहे. मध्ये लहानशी लंबगोल जागा, भोवती एकावर एक सहा अरुंद लाकडी कठडे, आणि विद्यार्थी त्यांवर रेलून खाली पाहत. फॅब्रिशियसने शिरांमधल्या झडपा पाहिल्या आणि १६०३ मध्ये त्यांवर पुस्तक काढले. त्यात दंडाला पट्टी बांधलेल्या हाताचे चित्र आहे. फुगलेल्या शिरांवर झडपांच्या जागी गाठी आलेल्या दिसतात. पण रक्त हातापायांत एकदम धावून साचू नये, म्हणून झडपा त्याला धीमे करतात, असा अर्थ त्याने लावला. तोवर रक्त यकृतातून बाहेर वाहते हे गृहीतच होते. त्या कठड्यांपाशी उभा राहून १६०२ मध्ये पदवी घेतलेला विल्यम हार्वी मायदेशी, इंग्लंडला परतला. १६२८ मध्ये फ्रँकफुर्टला छापल्या गेलेल्या त्याच्या ७२ पानी पुस्तकात जवळजवळ तेच चित्र पुन्हा आले, पण आता शिरेवर एक बोट टेकले होते. फुगलेल्या शिरेतले रक्त बोटाने वर सरकवून झडपेपलीकडे ढकलले की झडपेखालची शीर रिकामी राहते. वरून दाबले तरी ते खाली उतरत नाही. पट्टी घट्ट असली तर धमनीही बंद होते आणि हात गार पडतो. किंचित सैल केली तर धमनी वाहू लागते, शीर मात्र दबलेलीच राहते आणि हात लाल होऊन फुगतो. म्हणजे रक्त धमनीने आत येते आणि शिरेने परत जाते. झडपा दोघांनीही पाहिल्या होत्या. रक्त कोणत्या बाजूला जाऊ शकते, हा प्रश्न बोटाने विचारला तो हार्वीने.

त्याला हिशेबाची जोड होती. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात हजारच ठोके धरले, तरी ५०० औंस, म्हणजे १४-१५ किलो रक्त होते. इतके रक्त शरीरात नसते आणि अन्नापासून इतक्या लवकर तयारही होऊ शकत नाही. आज आपल्याला ठाऊक आहे की हा आकडा फार कमी धरलेला होता. विश्रांतीतही प्रौढाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते, म्हणजे शरीरातल्या जवळजवळ सर्व रक्ताइतके. पण कमीत कमी आकडा धरूनही जुना सिद्धांत कोसळतो, हेच हार्वीला दाखवायचे होते. मोजण्याची ही सवय त्या काळात इतरत्रही दिसते. पादुआचाच सांतोरिओ तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून आपले खाणे, पिणे आणि मलमूत्र तोलत असे. आत गेलेल्या वजनातला निम्म्याहून अधिक भाग नकळत बाष्परूपाने जातो, असा निष्कर्ष त्याने १६१४ मध्ये मांडला. हार्वीच्या साखळीतला शेवटचा दुवा, धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केशवाहिन्या, माल्पिगीने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या.

हा इतिहास वाचताना भारतीय वाचकाला सुश्रुत आठवणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेत प्रेत निवडण्यापासूनची कृती आहे: गवताने किंवा तागाने गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवावे, सात रात्रींनी काढावे आणि वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचा एकेक भाग डोळ्यांनी पाहावा. ज्याला केवळ शास्त्र येते किंवा केवळ कर्म येते, तो एका पंखाच्या पक्ष्यासारखा, असेही हीच संहिता सांगते. माझा सारा मुद्दा त्यात आलेला आहे. म्हणून हा दृष्टिकोन परका नव्हता. आपल्याकडे तो सोडून दिला गेला. पुढच्या शतकांत ग्रंथाचे पठण उरले, प्रेताचा विटाळ वाढला आणि चिरफाडीचे काम विद्येच्या उंबरठ्याबाहेर गेले. ज्या समाजाने हाताच्या कामाला जन्माने उतरंडीत बसवले, तिथे ही फारकत युरोपाहून खोल होती. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी प्रेताला सुरी लावली, तेव्हा आयुर्वेद शिकवलेल्या एका पंडिताने ती फारकत स्वतःपुरती संपवली. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि १८५१ च्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी होते. संस्कृत ग्रंथ आणि शवविच्छेदन दोन्ही जाणणारी पिढी इथे पुन्हा घडू लागली.

शेवटचा आक्षेप सर्वात जड आहे आणि तो टाळता येत नाही. पादुआच्या मेजावर कोण होते? फाशी दिलेले गुन्हेगार, ज्यांना कोणी वाली नव्हता असे गरीब, आणि कधीकधी थडग्यातून चोरून आणलेली प्रेते. व्हेसेलियसने अशा चोरीचे वर्णन आपल्या ग्रंथात केले आहे आणि त्यात खंत दिसत नाही. तेव्हा पादुआने हाताला प्रतिष्ठा दिली, पण ज्या देहावर तो हात चालला त्याला दिली नाही. या अन्यायामुळे तिथे सापडलेले सत्य खोटे ठरत नाही. मात्र पादुआचे काम अपुरे ठरते. वाचणाऱ्याने कापणाऱ्याला हलके समजणे आणि जिवंतांनी बेवारशाला हलके समजणे, ही एकाच तिरस्काराची दोन रूपे आहेत, आणि पादुआने त्यातले एकच दूर केले. दुसरे दूर करण्याचे काम देहदान करते. महाराष्ट्रात स्वेच्छेने देहदानाचा अर्ज भरणारे स्त्री-पुरुष वैद्यकीय शिक्षणाला आपल्या संमतीने आपले शरीर देतात, आणि ते शिकण्यात सहभागी होतात. आज पडद्यावरची त्रिमितीय चित्रे पाहून शरीर शिकता येईल, असे म्हटले जाते. ती चित्रे उपयुक्त आहेत, पण चित्रात तेच असते जे कोणाला तरी आधी ठाऊक होते. दोन शरीरे एकसारखी नसतात आणि पुस्तकात नसलेली वाहिनी विद्यार्थ्याला सापडते ती त्याच्याच बोटांना. म्हणून विद्यार्थ्याच्या हातात सुरी राहिली पाहिजे, आणि मेजावरचा देह संमतीने आलेला असला पाहिजे. या दोन अटी पाळल्या तरच शरीराची विद्या खरी आणि न्याय्य दोन्ही राहील.