वऱ्हाडचें नांव आणि संगणकावरील संभाषण

१ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्याचें विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वांत आला आणि मंगरूळपीर तालुका त्यांत गेला. त्याच्याच आदल्या महिन्यांत अमेरिका ऑनलाइन या कंपनीनें तेल अवीव येथील मिराबिलिस ही लहानशी कंपनी २८.७ कोटी डॉलर देऊन विकत घेतली. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु दुसरीच्या पोटीं जो प्रश्न होता, तो मंगरूळपीरपर्यंत येऊन पोंचतो.

संगणकावर बोलल्याप्रमाणें लिहिण्याची कल्पना त्याहून जुनी. १९७३ सालीं इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ यंत्रणेवर डग ब्राउन व डेव्हिड वुली यांनीं ‘टॉकोमॅटिक’ सिद्ध केलें. त्याच्या एका दालनांत पांच जणांस बोलतां येई, आणि टंकलेलें प्रत्येक अक्षर तत्क्षणीं सर्वांच्या पडद्यावर उमटे. पुढें नोव्हेंबर १९९६ मध्यें मिराबिलिसच्या तरुणांनीं ‘आयसीक्यू’ प्रसिद्ध केलें, आणि ओळखीचा मनुष्य या घटकेस आपल्या संगणकापाशीं आहे कीं नाहीं, हें घरबसल्या कळूं लागलें.

या साधनाच्या परीक्षणाची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. निर्मात्यांनीं आपल्या जागीं घेतलेली कसोटी ती ‘आल्फा’, आणि साधन अपुरें असतांनाच बाहेरच्यांच्या हातीं देऊन घेतलेली ती ‘बीटा’. आयसीक्यूच्या आवृत्त्या ‘बीटा’ म्हणूनच फुकट वांटल्या गेल्या. वापरणारा तोच परीक्षक. निर्माता आपल्या संवयीप्रमाणें यंत्र चालवितो, म्हणून त्यास त्यांतील उणीव दिसत नाहीं. परका मनुष्य तें निराळ्या रीतीनें हाताळतो आणि दोष उघडा पडतो. अर्थात् परीक्षक कोण, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें.

भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं इंटरनेट सर्वसामान्यांस खुलें झालें, तेव्हां निरनिराळ्या देवनागरी फाँटांचे संकेत निरनिराळे होते. धाडणाऱ्याचा फाँट घेणाऱ्यापाशीं नसला कीं मजकुराच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसत. साहजिकच मराठी माणसें रोमन अक्षरांत मराठी बोलूं लागलीं. १९९१ च्या युनिकोडमध्यें देवनागरीस स्थान मिळालें होतें. परंतु विंडोजमध्यें तिची सोय झाली ती विंडोज २००० या आवृत्तींत.

तरीहि एक अडचण उरलीच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा भेद मराठीस हवा. हिंदी लेखनांत तो नाहीं. हा आडवा ‘र’ युनिकोडमध्यें दोन रीतींनीं लिहितां येतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच. यंत्रास मात्र ते भिन्न. म्हणून एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधल्यास सांपडेलच असें नाहीं. आणि मंगरूळपीर ज्या प्रांतांत मोडतें, त्या वऱ्हाडचें नांवच या अक्षरावांचून लिहितां येत नाहीं!

तेव्हां संभाषणाचें नवें साधन मराठीस पुरें पडतें कीं नाहीं, याचा निकाल दूरच्या शहरांतील कचेरींत लागावयाचा नाहीं. मंगरूळपीरच्या एखाद्या घरांतून ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहून, धाडून आणि पुन्हां शोधून पाहणारा मनुष्य तो निकाल देऊं शकतो. आयसीक्यू २६ जून २०२४ रोजीं बंद झालें. साधनें येतात आणि जातात. परंतु तीं अपुरीं असतांनाच जो आपल्या अक्षराची उणीव दाखवितो, त्याची भाषा पुढल्या साधनांत नीट उमटते.