मातृसंस्थेचे ऋण

ज्या संस्थेत आपण शिकलो तिला काही परत द्यावे, ही भावना जुनीच आहे. तिला नियमित रूप देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी केला. १८९० मध्ये त्यांनी आपला निधी स्थापन केला. अनेकांनी दरवर्षी आपापल्या ऐपतीप्रमाणे द्यावे, हे त्यामागील सूत्र होते. परंतु एकाच वर्गातून बाहेर पडलेल्या दोघांपैकी एक आयुष्यभर देत राहतो आणि दुसरा संस्थेकडे वळूनही पाहत नाही, असे का व्हावे?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला दोन चरित्रे उद्बोधक वाटतात. मायकेल ब्लूमबर्ग हे एका हिशेबनिसाचे पुत्र. शैक्षणिक कर्ज घेऊन आणि विद्यापीठाच्या आवारातच नोकरी करून ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकले. तेथे ते वर्गाचे अध्यक्ष झाले, विद्यार्थिसंघटनांत वावरले. १९६४ मध्ये पदवी मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी विद्यापीठाला पाच डॉलर दिले. २०१८ मध्ये त्यांनी दिलेली रक्कम १८० कोटी डॉलर होती, आणि तीही गरजू विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी.

आपल्याकडील उदाहरण पवईचे. नंदन निलेकणी १९७३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत दाखल झाले. वसतिगृहाच्या जीवनात ते रमले आणि ‘मूड इंडिगो’ या विद्यार्थी महोत्सवाच्या संयोजनात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे त्यांच्या आरंभीच्या देणग्यांतून तेथे नवी वसतिगृहे उभी राहिली. संस्थेशी नाते जडून पन्नास वर्षे झाली त्या २०२३ मध्ये त्यांनी ३१५ कोटी रुपये दिले. पूर्वीचे ८५ कोटी धरता ही रक्कम ४०० कोटी होते.

महोत्सव उभा करणारा, वार्षिकांक संपादणारा किंवा संघाचे नेतृत्व करणारा विद्यार्थी पैसा कोठून येतो आणि तो किती अपुरा पडतो, हे स्वतः अनुभवतो. जबाबदारी पेलताना संस्था त्याला ‘आपली’ वाटू लागते. अर्थात दोन चरित्रांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. मुळात उत्साही असणारेच उपक्रमांत उतरतात आणि तेच पुढे देतात, असेही असू शकेल.

यापेक्षा गंभीर मुद्दा अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स क्लॉटफेल्टर यांच्या २००३ मधील अभ्यासाने पुढे आणला. अमेरिकेतील नामांकित खासगी महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांविषयीचा हा अभ्यास होता. विद्यार्थिदशेतील समाधानाचा देणगीशी संबंध आढळला. आणि शिकत असताना कोणी आपली विशेष आस्था बाळगली होती काय, यावर ते समाधान बरेचसे अवलंबून होते. मात्र आर्थिक गरजेमुळे साहाय्य मिळालेले विद्यार्थी पुढे कमी देताना दिसले.

त्यांना कृतघ्न म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. तास संपताच कामावर धावणाऱ्या मुलाला नाटकाची तालीम कोठून परवडणार? ब्लूमबर्ग यांना नोकरी सांभाळूनही विद्यार्थिजीवनात स्थान मिळाले. सर्वांनाच ते मिळते असे नाही. म्हणून आमच्या महाविद्यालयांनी माजी विद्यार्थ्यांपुढे पावतीपुस्तक ठेवण्यापूर्वी आपल्या आजच्या समित्यांची यादी पाहावी. लोकलने दोन तास प्रवास करून येणाऱ्या मुलीचे नाव तीत आहे काय? नसेल, तर तिच्या वेळेला सोयीचे एखादे काम तिच्यावर सोपवावे. पुढे ती देणगी देईल या आशेने नव्हे, तर ते महाविद्यालय तिचेही आहे म्हणून.