डोडो फोकसमध्ये येत नाही

सप्टेंबर 1598. मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर तुम्ही उतरता तेव्हा नुकतंच उजाडलंय. टूर लीडर सवयीने कुजबुजत सूचना देतोय: भडक कपडे नकोत, मोबाइल सायलेंट, एका रांगेत चला. खाडीत पाच डच जहाजं नांगर टाकून उभी आहेत आणि खलाशी पिंपं घेऊन गोड्या पाण्याच्या शोधात निघालेत. वाटेत ग्रुपमधले नाना एका दगडावर सॅक टेकवतात. दगड चालू लागतो. कासव आहे.

एबनीच्या झाडीत शिरता. गर्द सावली, ताडासारख्या झाडांखाली पडलेली फळं, आंबूस वास. कुणीतरी तुमचं कोपर दाबतं.

तो समोरच उभा आहे. तुमच्या कमरेच्या वर डोकं येईल एवढा उंच, करडा-तपकिरी, पंख अगदीच नावापुरते. चेहऱ्यावर पिसं नाहीत, आणि चोच टोकाला आकड्यासारखी वळलेली. एक फळ गिळतो, मग एक खडा. कोंबडी दाणे दळायला खडे गिळते, तसाच.

काकूंची सहाशेची लेन्स फोकसच घेईना. इतक्या जवळचं तिला दिसत नाही. काकू दोन पावलं मागे सरकतात, तर डोडो तीन पावलं पुढे. मान तिरकी करून एका डोळ्याने तुम्हाला न्याहाळतो. शेवटी कबुतराच्याच कुळातला तो. आज हयात असलेल्या पक्ष्यांत आपल्या निकोबारी कबुतराची आणि त्याची भावकी सगळ्यात जवळची.

त्याला बावळट म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. ज्या बेटावर वटवाघळं सोडून स्थानिक सस्तन प्राणीच नव्हता, तिथे पळायचं कोणापासून? आपल्या रानातला तितर चाहूल लागताच भुर्रकन उठतो, ते गलोलीने आणि फाशांनी शिकवलेलं शहाणपण आहे. आपलं दबकं चालणं, कुजबुजणं, मातकट शर्ट, ही सगळी पक्षीनिरीक्षणाची कला त्या जुन्या वैरातूनच आली. डोडोच्या दारात ती कला एकदम बेकार ठरते.

झाडीतून एक खलाशी येतो, हातात दांडकं. डोडो त्याच्याकडेही तसाच बघायला जातो. मध्ये पडायचं नाही, हा या टूरचा नियम, आणि तो पाळताना तुमच्या मुठी आवळतात. मांस शिजवावं तितकं चिवट होतं अशी कुरकुर जहाजावर होणार आहे; साधी कबुतरं त्यांना जास्त रुचतील. दांडक्यांपेक्षाही जास्त नुकसान पुढल्या जहाजांतून उतरणारी डुकरं आणि माकडं करतील. अंडं जमिनीवर, आणि एका वेळी एकच. 1662 मध्ये लगतच्या एका छोट्या बेटावर काही डोडो दिसतील. एकाचा पाय धरला की तो ओरडेल, बाकीचे मदतीला धावतील आणि तेही पकडले जातील. बहुतेक अभ्यासक शेवटची भरवशाची नोंद म्हणून हीच धरतात.

जेवण डब्यातलंच, थेपले आणि लोणचं. दुपारी 1974.

ब्लॅक रिव्हरची दरी, दम काढणारा चढ. इथे मात्र गप्प राहावं लागतं. जंगल तुटलं, मलेरियासाठी डीडीटी फवारलं गेलं, आणि मॉरिशस केस्ट्रेल, आपल्या खरुचीचा भाऊबंद, रानात चारच उरल्याची नोंद आहे. त्यांत अंडी घालणारी मादी एकच. पाच वर्षांनी कार्ल जोन्स नावाचा वेल्श तरुण इथे येईल. घरट्यातली अंडी काढून तो बाहेर उबवेल, म्हणजे मादी पुन्हा घालेल. अशाने ही जात तगेल.

कड्यावरून एक तांबूस पक्षी झेपावतो, झाडाच्या खोडावरची हिरवी पाल अलगद उचलतो आणि वळणाआड जातो.

"रानातले पंचवीस टक्के बघितले की हो आपण!" नाना म्हणतात आणि वहीत टिक करतात. डोडोपुढे 'लायफर', म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला पक्षी, अशी टिक करायची की नाही, यावर मात्र परतीच्या बसमध्ये काकू आणि त्यांचं जोरदार भांडण जुंपतं. काकूंचं म्हणणं, फोटो नाही तर लायफर नाही.