अँटिकिथेरा : ससाण्यांचे बेट

भूमध्य समुद्रात किथेरा आणि क्रीट या दोन बेटांच्या दरम्यान वसलेले अँटिकिथेरा हे ग्रीसमधील सर्वांत एकाकी वस्ती असलेल्या बेटांपैकी एक आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेत ६८ असलेली लोकसंख्या २०२१ मध्ये ३९ वर आली. पोटामोस हे येथील मुख्य गाव व बंदर होय. हिवाळ्यात वारा बळावला की बोटींची ये-जा थांबते आणि बेटाचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तुटतो.

या बेटाचे नाव जगाला परिचित झाले ते एका यंत्रामुळे. १९०० मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना येथील किनाऱ्याजवळ प्राचीन जहाजाचे अवशेष सापडले. त्यांतूनच खगोलीय गणिते करणारे दातेरी चाकांचे कांस्ययंत्र हाती आले. ते आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

बेटाची भूमी प्रामुख्याने चुनखडकाची आहे. उंच कडे, ठेंगणी काटेरी झुडपे आणि त्यांत मोकाट चरणाऱ्या शेळ्या असे तिचे रूप दिसते. आफ्रिकी व युरेशियन भूपट्ट जेथे एकमेकांना भिडतात, त्या अस्थिर पट्ट्यात बेट येते. इसवी सन ३६५ च्या महाभूकंपाच्या वेळी पश्चिम क्रीटबरोबर हा भागही उचलला गेला. त्यामुळे येथील प्राचीन बंदर आज कोरड्या जमिनीवर आहे.

निसर्गाच्या दृष्टीने बेटाचे महत्त्व पक्ष्यांमुळे आहे. वसंतात आफ्रिकेहून निघालेले वटवटे, माशीमार यांसारखे लहान पक्षी खुला समुद्र ओलांडून थकलेल्या स्थितीत येथे उतरतात. शरद ऋतूत त्यांचा प्रवास उलट दिशेने होतो. पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या स्थलांतराची नोंद घेणारे केंद्र हेलेनिक पक्षिशास्त्र संस्था या बेटावर चालवते.

एलिओनोरा ससाण्याच्या जगातील मोठ्या वसाहतींपैकी एक येथील कड्यांवर आहे. या ससाण्याच्या प्रजननक्षम जोड्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जोड्या ग्रीसमध्ये आढळतात. बहुतेक पक्षी वसंतात विणीला लागतात; हा ससाणा मात्र उन्हाळ्याच्या उत्तरार्धात अंडी घालतो. पिल्ले अंड्यांबाहेर येतात तेव्हा युरोपातून दक्षिणेकडे निघालेल्या लहान पक्ष्यांचे थवे समुद्रावरून जात असतात आणि तेच पिल्लांचे अन्न ठरतात. एरवी ससाण्याचा आहार मुख्यतः कीटकांचा असतो. वीण संपल्यावर तो प्रामुख्याने मादागास्करकडे प्रयाण करतो.

पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी उतारांवर दगडी बांध घालून शेते तयार केली होती. वस्ती ओसरल्याने बहुतेक शेते पडीक झाली व त्यांवर झुडपांनी आक्रमण केले. धान्याचे तुकडे आणि राखलेली झाडे थकलेल्या पक्ष्यांना चारा व आसरा देत असत. त्यामुळे बेट निर्मनुष्य झाले की निसर्गाचे आपोआप भले होते, असे सरसकट म्हणता येत नाही. युरोपीय संघाच्या ‘नॅचुरा २०००’ या संरक्षित क्षेत्रांच्या जाळ्यात बेटाचा समावेश आहे. पक्ष्यांची वाट सुरक्षित ठेवणे आणि उरलेल्या मोजक्या रहिवाशांना तेथे राहणे शक्य करणे ही दोन्ही कामे येथे परस्परांशी निगडित आहेत.